मार्सेयचा इतिहास: सगळे जण विचारतात ते प्रश्न, एकदाच उत्तरं

काही वर्षं मार्सेयमध्ये काढली त्यामुळे ओळखीतलं कुणीही फ्रान्सला निघालं की माझा नंबर त्यांच्या हातात दिला जातो. पॅरिस झालं, आयफेल टॉवरसमोर फोटो झाले, आता दोन दिवस जरा समुद्र बघू म्हणून मंडळी तीन-सव्वातीन तासांची टीजीव्ही, म्हणजे वेगवान ट्रेन, पकडून खाली येतात आणि मग तेच प्रश्न, त्याच क्रमाने. म्हणून एकदा बसून टाईप केलंय. पुढच्या पाहुण्यांना हेच पाठवणार.

मार्सेलिस, मार्सेल्स की मार्सेय?

तिन्ही एकच. आपल्या शाळेच्या पुस्तकात मार्सेलिस होतं, इंग्रज मार्से म्हणतात, तिथले लोक मार्सेय. ग्रीकांचं मासालिया, रोमनांचं मासिलिया. मार्सेलिस म्हणालात तरी कुणी हसत नाही, फक्त टॅक्सीवाल्याला कळत नाही.

सावरकरांनी उडी मारली ती जागा नेमकी कुठे?

मराठी पाहुणा म्हटलं की पहिला प्रश्न हाच. आणि बहुतेक जण जुन्या बंदराच्या, म्हणजे व्ह्यू-पोरच्या काठावर उभे राहून विचारतात, "इथेच ना?" तर इथे नाही. व्ह्यू-पोर लहान आहे, मोठ्या आगबोटींना पुरत नव्हतं, म्हणून तर उत्तरेला जोलिएतच्या बाजूला नवीन बंदर बांधलं आणि विसाव्या शतकातल्या मोठ्या बोटी तिकडेच लागायच्या. एसएस मोरिया ही पी अँड ओ कंपनीची बोट, इंग्लंडहून मुंबईला निघालेली, ७ जुलै १९१० च्या संध्याकाळी बंदरात आली आणि ८ तारखेच्या सकाळी सावरकर शौचालयात गेले, पोर्टहोलमधून अंग बाहेर काढलं आणि खाली पाण्यात.

आपल्याकडच्या चित्रांमध्ये चहूकडे उसळत्या लाटा असतात, मागे गोळ्या झाडणारे गोरे, आणि ते अर्धा समुद्र पोहून पार करतायत. बोट बंदरात उभी होती हो. पोहणं थोडंच होतं, मग धक्क्यावर चढून पळणं. पण पहारेकरी दाराबाहेर, खिडकी एवढीशी, भाषा फ्रेंच, अंगावर धड कपडे नाहीत, आणि किनाऱ्यावर ओळखीचं एकही माणूस नाही, हे सगळं डोळ्यासमोर आणलं तर लाटा काढायची गरजच पडत नाही.

त्यांचा हिशोब कायद्याचा होता. फ्रान्सच्या जमिनीवर पाय टेकला की इंग्रजांचा अधिकार संपला, पुढे फ्रान्सकडे आश्रय मागायचा. झालं असं की एका फ्रेंच पोलिसाने पकडलं आणि सरळ पाठलाग करणाऱ्या लोकांच्या ताब्यात देऊन टाकलं, काही मिनिटांचा सगळा खेळ. इंग्रजांनी फ्रेंच पोलिसांना आधीच कळवून ठेवलं होतं की या बोटीवर असा असा कैदी आहे, लक्ष ठेवा.

मग केस झाली ना हेगला? ती कोण जिंकलं?

इंग्लंड. फ्रान्समध्ये यावर बराच गदारोळ झाला, कार्ल मार्क्सचा नातू जाँ लाँगे याने समाजवाद्यांच्या पेपरातून सावरकरांची बाजू लावून धरली, शेवटी दोन्ही सरकारांनी प्रकरण हेगच्या लवादाकडे दिलं. २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल असा की पकडून परत देण्यात गडबड झाली हे खरं, पण फ्रान्सच्याच माणसाने कैदी स्वतःहून दिला, इंग्रजांनी जबरदस्ती केली नाही की फसवलं नाही, मग परत करायचं बंधन नाही. म्हणजे चूक झाली, पण आता असू दे. आणि तोपर्यंत इकडे मुंबईत दोन जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या.

बंदरात मोठं स्मारक वगैरे शोधत फिरू नका. तो भाग आजही चालू बंदराचा आहे, कुंपण आहे, आत कोर्सिकाच्या आणि अल्जीरियाच्या फेरीबोटी उभ्या असतात. जोलिएतच्या बाजूने लांबून बघायचं आणि मनात नमस्कार करायचा.

शहर किती जुनं आहे?

इ.स.पू. ६०० च्या आसपासचं, म्हणजे २६०० वर्षं. फ्रान्समधलं सगळ्यात जुनं शहर म्हणतात याला, आणि वसवणारे फ्रेंच नव्हते, रोमनही नव्हते. फोकाया नावाच्या गावाचे ग्रीक होते, ते गाव आज तुर्कस्तानात इझमीरजवळ आहे, फोचा म्हणतात. आजही फ्रेंच पेपरवाले मार्सेयला फोकायाचं शहर म्हणतात, फुटबॉलच्या बातमीत सुद्धा.

स्थापनेची गोष्ट तर आपल्याला ऐकल्या ऐकल्या पटते. चक्क स्वयंवर. इथल्या स्थानिक टोळीचा राजा नान, त्याची मुलगी जिप्तिस, तिचं लग्न ठरवायची मेजवानी चालू आहे, नियम असा की मुलगी ज्याच्या हातात पेला देईल तो नवरा. नेमके त्याच दिवशी ग्रीक व्यापारी बोटीतून उतरलेत, राजाने पाहुणे म्हणून त्यांनाही बसवलंय, आणि मुलीने सगळे स्थानिक उमेदवार सोडून पेला दिला त्या परक्याला, प्रोतिसला. आहेर म्हणून बंदराची जागा मिळाली, तिथे मासालिया उभं राहिलं. ॲरिस्टॉटलच्या नावाने सांगितली जाणारी गोष्ट पण हीच, तिच्यात नावं तेवढी वेगळी. खरं-खोटं सोडा, पण बाहेरून बोटीने आलेल्या माणसाला पोरगी देऊन सुरू झालेलं शहर आहे हे मार्सेयवाले अभिमानाने सांगतात. (पुढच्या पिढीत ग्रीकांची आणि त्याच टोळीची जोरदार मारामारी झाली असं जुने लेखक लिहितात, तो भाग मार्सेयवाले कमी सांगतात.)

ग्रीकांच्या आधी तिथे कुणीच नव्हतं?

होते की, आणि थोडेथोडके जुने नाहीत. शहराच्या दक्षिणेला कालांक म्हणून पांढऱ्या चुनखडीच्या कड्यांचा किनारा आहे, तिथे ऑन्री कॉस्केर नावाच्या पाणबुड्याला १९८५ मध्ये समुद्राखाली ३७ मीटरवर एका भुयाराचं तोंड सापडलं. आत लांबपर्यंत पोहत वर गेलं की कोरडी गुहा, आणि भिंतीवर घोडे, हातांचे ठसे, आणि पेंग्विनसारखे दिसणारे समुद्रपक्षी. सगळ्यात जुनी चित्रं साधारण २७,००० वर्षांपूर्वीची. तेव्हा हिमयुग होतं, समुद्र आजच्यापेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली, म्हणजे हे लोक चालत चालत गुहेत जायचे. १९९१ मध्ये तिथे तीन पाणबुडे दगावले तेव्हा कॉस्केरने गुहा सरकारला कळवली. आता आत जाता येत नाही, पण २०२२ पासून बंदराजवळ तिची हुबेहूब प्रतिकृती आहे, छोट्या गाडीत बसवून फिरवतात. मुलं बरोबर असतील तर नक्की.

ग्रीक शहर म्हणताय, मग ग्रीक काय दिसतं? एक खांब नाही कुठे.

ही तक्रार सगळ्यांची असते आणि खरी आहे. अथेन्स, रोमसारखं इथे काही उभं नाही, कारण हे शहर सतत वापरात राहिलं, जुन्याचे दगड काढून नवीन बांधायचे, परत तेच. १९६७ मध्ये व्ह्यू-पोरच्या मागे शॉपिंग सेंटरसाठी खणायला घेतलं तेव्हा जुन्या बंदराचा धक्का आणि ग्रीक तटबंदी निघाली. आता एका बाजूला मॉल आणि त्याला चिकटून उघड्यावर ग्रीक भिंती, मधे मांजरं. बाजूच्या म्युझियममध्ये त्या काळच्या लाकडी बोटींचे खरे सांगाडे ठेवलेत, मला विचाराल तर शहरातली सगळ्यात भारी गोष्ट ती, आणि पाहुणे नेमके तिथेच यायला कंटाळतात.

नीस आणि आंतीब ही आज श्रीमंतांची गावं आहेत ना, ती मासालियाच्या वसाहती होत्या. द्राक्षाची शेती आणि वाईन या भागात आणली ती पण यांनीच, म्हणजे फ्रेंच वाईनचा सगळा मिजास मुळात तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून आलेला.

आणि पिथियास. इ.स.पू. चौथ्या शतकातला मासालियाचा दर्यावर्दी, ब्रिटनला वळसा घालून उत्तरेला इतका वर गेला की उन्हाळ्यात रात्र जेमतेम दोन-तीन तासांची असते असं त्याने लिहिलं, थुले नावाच्या देशाचं वर्णन केलं, भरती-ओहोटीचा संबंध चंद्राशी जोडला. स्ट्रॅबोने पुढे त्याला खोटारडा ठरवलं. भूमध्य समुद्रात भरती नावालाच येते, त्यामुळे घरी बसलेल्यांना ते पटणार कसं? आपल्या कोकणातल्या कुठल्याही पोराला पटलं असतं.

रोमनांनी शहर जिंकलं कधी?

इ.स.पू. ४९. खरं तर मासालिया रोमची जुनी दोस्त, हॅनिबलच्या लढाईतही रोमच्या बाजूची. पण सीझर आणि पाँपे यांचं भांडण पेटलं तेव्हा शहराने पाँपेची बाजू घेतली. चुकीचा घोडा. सीझर स्वतः स्पेनला पुढे गेला, वेढ्याला माणसं ठेवून गेला, समुद्रात दोन लढाया झाल्या, दोन्ही हरल्या, काही महिन्यांनी दरवाजे उघडले. शहर बेचिराख केलं नाही पण बोटी, खजिना आणि बहुतेक वसाहती गेल्या. यापुढच्या इतिहासात हे शहर बऱ्याचदा हरणाऱ्याच्या बाजूने सापडतं, लक्ष ठेवा.

मग मधली हजार-पंधराशे वर्षं?

पटकन सांगतो. पाचव्या शतकात सँ-व्हिक्तोरचा मठ निघाला, तो अजून आहे, किल्ल्यासारखा दिसतो, तळघर थंडगार. दरवर्षी २ फेब्रुवारीच्या सुमारास तिथे नावेच्या आकाराची बिस्किटं आशीर्वाद घेऊन वाटतात. सहाव्या शतकात प्लेग, मग अरबांचे हल्ले, मग धर्मयुद्धाला जाणाऱ्यांच्या बोटी, इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९० मध्ये इथूनच निघाला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १४२३ मध्ये आरागॉनचा राजा आल्फोन्सो पाचवा आरमार घेऊन आला, बंदराच्या तोंडावर लावलेली जाडजूड लोखंडी साखळी तोडली आणि शहर लुटलं. जाताना ती साखळी पण घेऊन गेला. ट्रॉफी म्हणून.

फ्रान्समध्ये कधी आलं मग?

१४८१ मध्ये प्रोवान्सचा शेवटचा काउंट मूल नसताना वारला आणि मृत्युपत्रात प्रांत फ्रेंच राजाला देऊन गेला, त्यात मार्सेय पण आलं. कागदावर आलं म्हणू या. १६६० मध्ये चौदावा लुई शहराची मस्ती उतरवायला स्वतः आला, दरवाजातून न येता तट फोडून पाडलेल्या खिंडारातून आत शिरला, आणि बंदराच्या तोंडाशी सँ-निकोला नावाचा किल्ला बांधून घेतला. त्याच्या तोफा शहरावर रोखता येतील अशी सोय होती! दुश्मन समुद्रातून यायचा तेव्हा येवो, आधी इथल्या लोकांचा बंदोबस्त. पाहुण्यांना मी हे किल्ल्यासमोर उभं करूनच सांगतो.

लुईचा मंत्री कोल्बेर मात्र धंद्याचा माणूस. १६६९ मध्ये त्याने मार्सेयला मुक्त बंदर केलं, पूर्वेकडच्या व्यापाराचा जवळजवळ सगळा मक्ता दिला. पैसा आला. आणि पैशाच्या मागोमाग जे आलं ते पुढच्या उत्तरात.

१७२० चा प्लेग म्हणतात तो काय प्रकार?

हे नीट वाचा, कारण कोविडच्या काळात मला हे सगळं परत परत आठवत होतं.

मार्सेयची क्वारंटाईनची व्यवस्था त्या काळी युरोपात नावाजलेली होती. पूर्वेकडून येणारी प्रत्येक बोट निघाल्या बंदरातून आरोग्याचं सर्टिफिकेट आणायची, इथे अधिकारी ते तपासायचे, संशय असेल तर लांबच्या बेटावर थांबवायचे. २५ मे १७२० ला ग्राँ-सँ-आंतवान ही बोट आली, सिडॉन, त्रिपोली, सायप्रस करत. वाटेत प्रवासी, खलाशी आणि बोटीवरचा सर्जन पण मेलेला. इटलीत लिव्होर्नोने आत घेतलं नव्हतं. म्हणजे कुणालाच काही माहीत नव्हतं असं अजिबात नाही.

पण बोटीत लाखाच्या घरातला माल, रेशमी आणि सुती कापड आणि कापसाचे गठ्ठे, आणि जुलैमध्ये बोकेरची मोठी जत्रा, तिथे माल पोचला नाही तर वर्षभराचा धंदा बुडाला. मालात वाटा कुणाचा? शहराच्या कारभाऱ्यांपैकी पहिला जो एस्तेल, त्याचा. नियम असा वाकवला गेला की बोट आणि खलाशी थांबले पण किमती माल शहरालगतच्या क्वारंटाईन गोदामात उतरला, आणि तिथून गठ्ठ्यांबरोबर पिसवा, चोरून विकलेल्या कापडाच्या चिंध्या, हमाल. २० जूनला जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत पहिली बाई गेली. डॉक्टर प्लेग म्हणत होते, कारभारी साधा ताप म्हणत होते. ओळखीचं वाटतंय ना.

ऑगस्टमध्ये दिवसाला हजारभर माणसं मरायला लागली. शहराच्या साधारण ९०,००० वस्तीतली ४०,००० च्या आसपास गेली, सगळ्या प्रोवान्समध्ये लाखाच्या वर. तुरेतच्या मैदानावर प्रेतं आठवडे पडून होती, शेवटी शेव्हालिये रोझ नावाच्या माणसाने गलबतांवरच्या कैद्यांना बरोबर घेऊन ती उचलली, त्या कैद्यांमधले फार थोडे वाचले. बिशप बेलझाँस पळाला नाही, आजाऱ्यांमध्ये फिरत राहिला, आज त्याच्या नावाचा मोठा रस्ता आहे. कैद्यांच्या नावाचा नाही.

बाकी देशाने मार्सेयला कोंडून टाकलं, उत्तरेला डोंगरात २७ किलोमीटर लांब दगडी भिंत घातली, प्लेगची भिंतच म्हणतात, तिचे तुकडे अजून दिसतात. बोटीचा कप्तान शातो तुरुंगात गेला. एस्तेलला राजाकडून सरदारकी मिळाली. बोट सप्टेंबरमध्ये जार बेटाजवळ जाळून बुडवली आणि १९७८ मध्ये पाणबुड्यांना तिचे अवशेष सापडले. फ्रान्समध्ये एवढा मोठा प्लेग त्यानंतर परत आला नाही. आपल्या मुंबईत १८९६ ला आला तेव्हा पण सुरुवातीला गोदीजवळच्या मांडवीत साधा ताप की प्लेग हीच चर्चा चालली होती, बंदरांची शहरं सगळीकडे सारखीच.

समुद्रात बेटावर तुरुंग दिसतो तो कुठला?

शातो दिफ. १५२४ मध्ये शहराला वेढा पडला होता, तो उधळला, त्यानंतर राजा फ्रान्स्वा पहिला याने इफ बेटावर हा किल्ला बांधायला लावला, पुढे तुरुंग झाला. वरचा कप्तान शातो याच तुरुंगात पडला होता. एका गाजलेल्या फ्रेंच कादंबरीतला कैदी इथे असतो आणि भुयार खणतो, त्याची कोठडी म्हणून गाईड लोक खोली पण दाखवतात, भिंतीतल्या भोकासकट. कैदी काल्पनिक, भोक पाहुण्यांसाठी.

पण त्याच बेटावरची खरी गोष्ट फार कुणाला माहीत नसते आणि ती आपल्या गोव्यातून सुरू होते. गुजरातचा सुलतान मुझफ्फर याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला एक जिवंत गेंडा भेट दिला. अल्बुकर्क काय करणार गेंड्याचं, त्याने गोव्याहून जानेवारी १५१५ मध्ये बोटीत घालून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. मे मध्ये गेंडा लिस्बनला पोचला, रोमन काळानंतर युरोपने पहिल्यांदाच जिवंत गेंडा बघितला. राजाने तो पुढे पोपला भेट म्हणून धाडला, वाटेत १५१६ च्या सुरुवातीला बोट मार्सेयजवळच्या या बेटावर थांबली आणि फ्रेंच राजा खास तो बघायला बेटावर आला. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात बोट बुडाली, साखळीने बांधलेला गेंडा पण. जर्मन चित्रकार ड्युररने न बघताच, ऐकीव वर्णनावरून काढलेलं त्या गेंड्याचं चित्र जगभर फिरलं, पाठीवर एक जास्तीचं शिंग आहे बघा त्यात.

साबण घेऊ का? खरा कुठला?

घ्या, पण सांभाळून. १६८८ च्या राजाज्ञेने नियम घातला की मार्सेय साबणात ऑलिव्ह तेलच हवं, चरबी चालणार नाही, आणि भर उन्हाळ्यात भट्ट्या बंद, कारण उष्णतेने साबण बिघडतो. आजच्या खऱ्या वडीवर ७२% तेल असं ठोकलेलं असतं, रंग हिरवट नाहीतर फिक्कट पिवळा, वास जवळजवळ नाही. लव्हेंडर, गुलाब, आंबा असल्या वासाची रंगीत वडी बंदरावर मिळते ती आत्याला द्यायला ठीक आहे.

राष्ट्रगीत इथेच लिहिलं ना?

नाही! लिहिलं स्ट्रासबुर्गला, पार दुसऱ्या टोकाला, एप्रिल १७९२ मध्ये रुजे द लील नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने, ऱ्हाईनच्या सैन्यासाठी. मार्सेयचे पाचेकशे स्वयंसेवक जुलैमध्ये पॅरिसला चालत निघाले, वाटभर हेच गाणं, महिनाअखेर पॅरिसमध्ये शिरले तेव्हा लोक म्हणाले हे त्या मार्सेयवाल्यांचं गाणं, आणि नाव पडलं ते पडलंच. १० ऑगस्टला राजवाड्यावर हल्ला झाला त्यात ही पोरं पुढे होती.

आणि दीड वर्षाच्या आत काय? पॅरिसच्या क्रांती सरकारविरुद्ध मार्सेयनेच बंड केलं, हरलं, आणि शिक्षा म्हणून शहराचं नावच काढून घेतलं. १७९४ च्या सुरुवातीला काही आठवडे सरकारी कागदांवर याचं नाव होतं बिननावाचं शहर. देशाचं गाणं यांच्या नावावर आणि यांना नाव नाही.

सार्डिन माशाने बंदर अडवलं ही काय भानगड?

मार्सेयवाले फेकू असतात हे दाखवायला बाकीचे फ्रेंच ही म्हण वापरतात. खरी गोष्ट १७८० ची, मासा नव्हता, सार्तीन नावाचं जहाज होतं, एका मंत्र्याच्या नावावरून. इंग्रजांनी पाँडिचेरी घेतली तेव्हा पकडलेले फ्रेंच सैनिक घेऊन परत येत होतं, वाटेत मार खाल्ला आणि मार्सेयला पोचून नेमकं बंदराच्या तोंडातच अडकलं. सार्तीनचं सार्डिन व्हायला किती वेळ लागतो.

मुंबईशी एवढा संबंध कसा आला पण?

१८३० ला फ्रान्सने अल्जीरियात पाऊल टाकलं, १८५३ मध्ये जोलिएतचं बंदर तयार, मग पॅरिसपर्यंत रेल्वे, आणि १८६९ ला सुएझ उघडला. त्यानंतर मार्सेय म्हणजे पूर्वेचा दरवाजा. लंडनला जाणारे-येणारे बरेच प्रवासी बिस्केच्या उपसागरातले हेलकावे टाळायला मार्सेयला चढायचे-उतरायचे, उरलेला रस्ता रेल्वेने. गांधीजी १९३१ च्या गोलमेज परिषदेला निघाले ते मुंबईहून राजपुताना बोटीने, ११ सप्टेंबरला मार्सेयला उतरले आणि पुढे ट्रेन. सँ-शार्ल स्टेशनच्या १०४ पायऱ्या उतरताना दोन बाजूला आशिया आणि आफ्रिकेतल्या वसाहतींचे पुतळे आहेत, दोन आडव्या पहुडलेल्या बाया. शिल्प सुंदर आहे, अर्थ कळला की जरा अवघडल्यासारखं होतं.

जोलिएतची जुनी गोदामं आता ऑफिसं आणि दुकानं झालीत. लांबी ३६५ मीटर, म्हणे वर्षाच्या दिवसांएवढी.

पहिल्या महायुद्धात आपले सैनिक इथे आले होते ना?

हो, २६ सप्टेंबर १९१४ पासून, लाहोर आणि मीरत डिव्हिजन. बोरेलीच्या बागेत तंबू, रस्त्यात लोक फुलं देतायत असे फोटो आहेत. इथून ट्रेनने पुढे बेल्जियमच्या सरहद्दीवरच्या चिखलात, पातळ सुती गणवेशात. मराठा पलटणी बहुतेक मेसोपोटेमियात होत्या, पण आपल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या इकडे आल्या होत्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी नव्ह-शापेलच्या हल्ल्यात त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी पडले. मार्सेयच्या दक्षिणेला माझार्गच्या युद्ध स्मशानभूमीत भारतीयांचं स्मारक आहे. फार शांत जागा, बसने जाता येतं. नावं वाचत चला.

जुन्या बंदराच्या एका बाजूच्या इमारती इतक्या सपाट, सत्तरच्या दशकातल्या सोसायटीसारख्या का?

चांगला प्रश्न आणि वाईट उत्तर. १९४० मध्ये उत्तर फ्रान्स पडला तेव्हा युरोपभरचे पळालेले लोक मार्सेयला जमा झाले, कारण बोट इथूनच मिळणार. व्हेरियन फ्राय नावाच्या अमेरिकन पत्रकाराने इथे बसून खऱ्या-खोट्या कागदपत्रांवर दोनेक हजार माणसं बाहेर काढली, त्यात शागाल, माक्स अर्न्स्ट, हाना आरेंट. मग नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन शहरात शिरले. त्यांच्या मते बंदराची जुनी वस्ती म्हणजे गुन्हेगार आणि बंडखोरांची घाण. जानेवारी १९४३ मध्ये जर्मनांनी आणि हो, फ्रेंच पोलिसांनी मिळून वस्ती वेढली, २०,००० च्या आसपास लोकांना घराबाहेर काढलं, १,६४२ जणांना गाडीत घालून छावण्यांकडे पाठवलं, त्यातले निम्मे ज्यू. फेब्रुवारीत साधारण १,५०० इमारती सुरुंग लावून पाडल्या. नगरपालिकेची सतराव्या शतकातली इमारत मात्र ठेवली, ती आज सोसायट्यांच्या मधे उभी दिसते.

ऑगस्ट १९४४ मध्ये शहर सोडवलं ते प्रामुख्याने अल्जीरिया-मोरोक्कोच्या सैनिकांनी. हे पण लक्षात असू द्या, पुढचं उत्तर वाचताना.

इतके वेगवेगळे लोक कसे इथे?

बोटीने. आधी इटालियन, १९१५ च्या कत्तलीतून वाचलेले आर्मेनियन, मग १९६२ ला अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर काही महिन्यांत लाखोंनी उतरलेले तिथले फ्रेंच, मग अल्जीरियन, ट्युनिशियन, कोमोरो बेटांवरचे. प्रत्येक वेळी आधी आलेले म्हणतात, आता पुरे. इटालियनांना पण मारहाण झाली होती १८८१ मध्ये. झिदान इथल्याच कास्तेलान नावाच्या गरीब वसाहतीतला, आईवडील अल्जीरियाचे. १९९३ मध्ये ओएमने, म्हणजे इथल्या फुटबॉल क्लबने, मिलानला १-० हरवून युरोपचा कप आणला, त्याबद्दल कुठल्याही चहाच्या टपरीवर, म्हणजे इथल्या बारमध्ये, विचारून बघा आणि तासभर मोकळा ठेवा.

सेफ आहे का?

मोबाईल खिशात, रात्री अनोळखी गल्ल्या नकोत, बस. उत्तरेच्या वस्त्यांमध्ये ड्रग्जच्या टोळ्यांचा त्रास खरा आहे, पण शहरात मला जास्त राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. ५ नोव्हेंबर २०१८ ला शहराच्या मध्यात, व्ह्यू-पोरपासून चालत दहा मिनिटांवर, ओबान्य रस्त्यावरच्या जुन्या इमारती कोसळून आठ माणसं गेली. धोकादायक इमारत, भाडेकरू, नोटिसा, पावसात कोसळणं. आपल्या मुंबईकरांना समजावून सांगावं लागत नाही.

शाकाहारी काय मिळेल?

बुयाबेस हा माशांचा रस्सा विसरा मग. लेस्ताकला जा आणि पानिस घ्या. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवायचं, घट्ट झालं की थापायचं, काप करून तळायचे, वर मीठ. पाटवडी हो पाटवडी! फोडणी नाही एवढंच. माझ्या आईने एक खाल्ला आणि मसाल्याचा डबा का नाही आणला म्हणून मलाच बोलली.

आता भारताशी काही संबंध उरलाय का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्सेयला भारताचं नवीन कॉन्सुलेट सुरू झालं, मोदी आणि माक्राँ दोघं आले होते, माझार्गला पण गेले. आणि मुंबईहून निघालेल्या समुद्राखालच्या इंटरनेट केबल्स, तांबडा समुद्र आणि इजिप्त ओलांडून इथेच वर येतात. घरी केलेला व्हिडिओ कॉल अडकला की मी बंदराकडे बघायचो.

ती साखळी परत मिळाली का मग?

नाही. सहाशे वर्षं झाली, वालेन्सियाच्या कॅथेड्रलमध्ये भिंतीवर टांगलेली आहे. तुम्ही पुढे स्पेन करणार असाल तर बघून या आणि फोटो मला पाठवा.